मिरकरवाड्यातली नळीची बाग

मुलांनो, रत्नागिरीला पाहुणे म्हणून आलात तर घरची मंडळी तुम्हाला तीन ठिकाणी नक्की नेतील. थिबा राजवाडा, लोकमान्य टिळकांचं जन्मघर आणि भगवतीचा किल्ला. या किल्ल्याचं खरं नाव रत्नदुर्ग. घोड्याच्या नालेसारखा त्याचा आकार आहे. एका टोकाला दीपगृह, बालेकिल्ल्यात भगवती देवीचं देऊळ आणि जवळजवळ सगळीकडून समुद्र. त्या तटावरून खाली बघितलं की बंदरात दाटीवाटीनं उभ्या असलेल्या होड्या दिसतात. निळ्या, हिरव्या, भगव्या. प्रत्येकीवर दोन-चार झेंडे फडफडत असतात. रंगपेटी सांडल्यासारखं वाटतं. पाहुणे तिथं फोटो काढतात, "किती छान!" म्हणतात आणि मागे फिरतात.

मी म्हणते, फिरू नका. खाली उतरा. त्या होड्या जिथं लागतात ना, तो मिरकरवाडा.

मिरकरवाडा म्हणजे रत्नागिरीचं मासेमारीचं बंदर. होड्या येण्याच्या वेळी गेलात तर उभं राहायला जागा मिळत नाही. बर्फ फोडणारं मशीन खडखडत असतं, डोक्यावर टप घेतलेल्या बायका "सरका, सरका" करत जातात, खलाशी क्रेट उतरवत असतात. यातले कितीतरी खलाशी थेट नेपाळहून आलेले. ज्या देशाला समुद्रच नाही, तिथली माणसं आमच्या समुद्रात मासे पकडायला येतात, हे मला अजूनही नवल वाटतं. बांगडा, तारली, सुरमई, म्हाकूल, कोळंबी... ढीगच्या ढीग. आणि वर आकाशात घारी. तपकिरी पंखांची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार तुम्ही पुस्तकात पाहिली असेल. इथं ती कावळ्यासारखी सहज दिसते.

आणि हो, वास. तो पहिल्या पावलालाच भेटतो.

मी तिथं पहिल्यांदा मासे घ्यायला गेले नव्हते. एका पाईपमुळे गेले होते. त्या पाईपची गोष्ट आधी सांगते.

मी रत्नागिरी शहरातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या शाळेमागे मोकळी जागा आहे, पण खाली सगळा जांभ्याचा कातळ आणि वर वीतभर लाल माती. तिथं परसबाग करायचं ठरलं. शाळेत रोज पोषण आहार शिजतो. भाज्या चिरल्या की साली, देठं निघतात. ती सगळी बादलीभर साल कचऱ्याच्या गाडीत जायची. बागेला खत हवं आणि खताचा कच्चा माल आम्ही रोज गाडीत घालून पाठवतोय, हे काही बरं वाटेना.

डी.एड.ला असताना कार्यानुभवाच्या तासाला आम्ही कंपोस्टचा खड्डा केला होता. थर द्यायचे, शेण कालवायचं, महिन्याभरानं उकरून उलटंपालटं करायचं. पण इथं कातळात खड्डा कोण खणणार? पहार मारली की ठिणगी उडते! मग एका मैत्रिणीकडून केरळातल्या पाईपांची हकीकत कळली. केरळात खूप घरांच्या अंगणात दोन जाड पाईप उभे पुरलेले असतात. एक भरला की दुसरा वापरायचा, दुसरा भरेपर्यंत पहिल्यातलं खत तयार. आफ्रिकेतल्या लेसोथो नावाच्या डोंगराळ देशात तर भाजीचा गोल वाफा करून मधोमध काटक्यांची टोपली उभी करतात. घरातला ओला कचरा आणि भांडी धुतलेलं पाणी त्या टोपलीत. टोपलीतून खत आणि ओल दोन्ही वाफ्यात झिरपतं.

मी दोन्हींची खिचडी केली. चिरे रचून वाफा दीड फूट उंच केला, त्यात माती भरली आणि वाफ्याच्या मधोमध पाईप पुरला. नळदुरुस्तीवाल्यांकडे ६ इंची पाईपचे तुकडे उरलेले असतात. २ फुटांचा तुकडा घ्यायचा. दीड फूट मातीत, अर्धा फूट वर. मातीत जाणाऱ्या भागाला सगळीकडून बोटाच्या टोकाएवढी भोकं पाडायची. खालचं तोंड उघडंच ठेवायचं, वरच्या तोंडाला झाकण.

भोकं पाडताना मी शहाणपणा केला. सळई तापवून भसाभस भोसकायला लागले. असा काही धूर निघाला की डोळे चुरचुरले, घसा दोन दिवस बसला. हा पाईप ज्या प्लॅस्टिकचा असतो त्यात क्लोरीन असतो, तो जळला की विषारी वायू निघतो. तेव्हा सळई नको. ड्रिल मशीननं भोकं पाडून घ्या, आणि तेही मोठ्या माणसाकडून.

आता पाईपमध्ये टाकायचं काय? एक मूठ ओलं, दोन मुठी सुकं. ओलं म्हणजे भाजीची साल, चहाचा गाळ, केळ्याची साल, अंड्याची टरफलं. सुकं म्हणजे पालापाचोळा, वाळकं गवत. का, ते सांगते. कचरा कुजवतात ते सूक्ष्म जीव. डोळ्यांना न दिसणारे, पण भारी खादाड. त्यांना कर्ब लागतो आणि नत्र लागतं, साधारण २५ ते ३० भाग कर्बाला १ भाग नत्र या हिशेबानं. आपण डाळ-भात खातो ना, तसं! सुक्या पानांत कर्ब भरपूर, ओल्या कचऱ्यात नत्र जास्त. नुसतं ओलं घातलं तर नत्र जास्त होऊन वास सुटतो. नुसतं सुकं घातलं तर वर्षभर तसंच पडून राहतं.

पाईपला भोकं कशाला? तर हवा आत यायला आणि गांडुळं आत-बाहेर करायला. गांडूळ पाईपमध्ये येतं, जेवतं आणि बाहेर वाफ्यात जाऊन विष्ठा टाकतं. ती विष्ठा म्हणजेच खत. म्हणजे खत काढायला नको, पसरायला नको. हमाली गांडुळानं करायची! चार्ल्स डार्विन हे मोठे शास्त्रज्ञ तुम्हाला माकड आणि माणसाच्या गोष्टीमुळे माहीत असतील. त्यांनी आपलं शेवटचं पुस्तक गांडुळांवर लिहिलं, १८८१ साली. पृथ्वीच्या पाठीवरची माती हे एवढेसे जीव सतत खालीवर करत असतात, हे त्यांनी वर्षानुवर्षं मोजमाप करून दाखवलं.

हे सगळं मी वर्गात रंगवून सांगितलं. फळ्यावर पाईप काढला. शेवटी पुस्तकात वाचलेला नियमही सांगितला : "तेलकट, शिजलेलं आणि मासे-मटण पाईपमध्ये टाकायचं नाही. वास येतो, उंदीर-कुत्री येतात."

तेव्हा तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचं नाव मी सांगणार नाही, छापू नका असं तिनं मला बजावलंय. ती म्हणाली, "बाई, आमच्याकडे भाजी कधीतरीच. रोज मासेच असतात. मग आम्ही पाईपमध्ये काय टाकायचं?"

मागून एक मुलगा म्हणाला, "हिचं सगळं घरच टाका!" वर्ग हसला. ती खाली बसली.

मी त्या मुलाला ओरडले, पण खरं सांगू? तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मिरकरवाड्यातून आमच्या शाळेत बरीच मुलं येतात. त्यांच्या घरांना लागूच होत नाही असा धडा मी तासभर शिकवला होता.

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. उतारावरून खाली जाताना वास जवळ आला आणि माझा हात आपोआप पदराकडे गेला. तिनं ते पाहिलं.

"बाई, वास येतो ना?"

"थोडासा."

"वर्गातली पण असंच करतात," ती म्हणाली आणि पुढं चालायला लागली.

मी पदर खाली घेतला. उशीरच झाला होता.

तिचं घर बंदरापासून आत, दोन गल्ल्या सोडून. दोन घरांच्या मधे चारेक फुटांची पट्टी, हीच त्यांची परसबाग. जमीन म्हणजे पुळण, निव्वळ वाळू, त्यात शिंपल्यांचे तुकडे. एका कडेला माड, एक शेवगा आणि माशांच्या फुटक्या क्रेटमध्ये लावलेला पुदिना. दारात तिची नानी मासे साफ करत बसली होती. समोर चार मांजरं शाळेच्या प्रार्थनेला बसावीत तशी रांगेत.

मी वहीत लिहून घ्यायच्या तयारीनं विचारलं, "नानी, माशांची डोकी तुम्ही कुठं टाकता?"

नानीनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी काहीतरी भलतंच बोलले. "डोकी? डोकी कोण टाकतो वो बाई? डोक्याचा रस्सा होतो!"

मी 'डोकी' खोडलं.

मग नानीनं हिशेब सांगितला. डोकी रश्शात. शेपट्या आणि कल्ले मांजरांना. खवलं, पोटातली घाण आणि कोळंबीची सालं तेवढी उरतात, ती माडाला. बुंध्यापासून तीन-चार फूट लांब, दोन फूट खोल खड्डा घ्यायचा. त्यात ती घाण, वर चुलीतली राख, वर वाळू, आणि सगळ्यात वर जांभ्याचा चिरा, म्हणजे कुत्र्यांना उकरता येऊ नये. उद्याचा खड्डा त्याच्या शेजारी. असं करत माडाला एक फेरी पूर्ण झाली की पहिल्या खड्ड्यात काही म्हणता काही उरलेलं नसतं. "माझी सासू असंच करायची," नानी म्हणाली. मी वर पाहिलं. माडावर घोस लटकत होते.

माडाला मासळीचं खत घालायची ही रीत कोकणात जुनी आहे. माशाच्या मांसात नत्र असतं, काट्यांत स्फुरद आणि कॅल्शियम. मी पुस्तकातून 'मासे नकोत' एवढंच शिकले होते. का नकोत आणि कुठं चालतात, हे नानीला माहीत होतं. एक मात्र लक्षात ठेवा, असे खड्डे विहिरीच्या जवळपास घ्यायचे नाहीत. घाण पाण्यात झिरपते.

इथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण मला घाई झाली. सोमवारी वर्गात मोठ्या थाटात सांगितलं, की मासेसुद्धा खत होतात, आणि मुलांना खरं वाटावं म्हणून मंगळवारी बाजारातून माशांची पोटं आणून शाळेच्या पाईपमध्ये टाकली. वर पाचोळा टाकला, झाकण लावलं, वर दगड ठेवला. काय होतंय?

काय झालं ते बुधवारी सकाळी दिसलं. रात्री कुत्र्यांनी चिरे ढकलून वाफा उकरला होता. पाईप आडवा पडला होता, मुळ्याची रोपं उपटून गेली होती आणि आत माशांची, म्हणजे घोंघावणाऱ्या माश्यांची, जत्रा. स्वयंपाकघर तिथून दहा पावलांवर. भात शिजवणाऱ्या मावशींनी पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, "बाई, हे आजच्या आज काढा, नाहीतर मी इथं जेवण करायची नाही." त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पालकांच्या तक्रारी आल्या. पाईपची बाग बंद करा, असं मला सांगण्यात आलं. सगळ्यात वाईट म्हणजे, मागून पुन्हा हसू आलं, आणि ते माझ्यावर नव्हतं. ती मुलगी त्या दिवशी डबा न खाताच परत घेऊन गेली.

माझं चुकलं कुठं, ते मला घरी वाचत बसल्यावर कळलं. नानीचा खड्डा दोन फूट खाली आणि वरून बंद. वास वर येतच नाही. माझ्या पाईपला जमिनीलगत भोकं! जी भोकं हवेसाठी पाडली, त्यातूनच वास बाहेर गेला. शिवाय माशात नत्र इतकं, की मूठभर पाचोळ्यानं ते आवरत नाही. अमोनिया सुटतो, आणि अमोनिया व मीठ या दोन्हींपासून गांडुळं पळ काढतात. म्हणजे नळी एकासाठी आणि खड्डा दुसऱ्यासाठी. मी एकाच्या पोटात दुसऱ्याचं जेवण कोंबलं.

हवा आणि कुजणं यांचं नातं शोधण्यात आपल्या मराठी माणसांचाही हात आहे, बरं का. होळकरांच्या इंदुरात १९२४ पासून अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ काम करत होते. त्यांनी आणि यशवंत वाड यांनी मिळून १९३१ साली शेतातल्या टाकाऊ वस्तूंवर पुस्तक लिहिलं. काडीकचरा, शेण, माती यांचे थर लावायचे, ढीग उलटवायचा आणि आत हवा खेळावी म्हणून पहारेनं उभी भोकं पाडायची. जगभर याला आजही 'इंदूर पद्धत' म्हणतात. पुढं यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विटांची टाकी काढली. साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच आणि भिंतींत मुद्दाम सोडलेली भोकं. त्यांच्या नावाची आद्याक्षरं घेऊन तिला 'नाडेप' म्हणतात. गावात शेतावर अशी जाळीदार भिंतींची टाकी दिसली तर ओळखा. आमचा पाईप म्हणजे त्या टाकीचं शेंडेफळ! फरक एवढाच, की मोठा ढीग कुजताना आतून चांगला तापतो, हात घालवत नाही. पाईपमधला कचरा इतका थोडा असतो की तो तापतच नाही. त्यामुळे त्यातल्या बिया मरत नाहीत. आमच्या वाफ्यात न लावलेले टोमॅटो आणि पपया उगवतात, ते यामुळेच.

तर शाळेतली बाग बंद पडली. आठवड्याभरानं ती मुलगी मधल्या सुट्टीत आली आणि म्हणाली, "बाई, नानी विचारते, ते दोन पाईप तुम्ही टाकून देणार का?"

मार्च महिन्यात त्या दोन नळ्या मिरकरवाड्यात पोचल्या. नानीच्या चार फुटांच्या पट्टीत आम्ही त्या पुरल्या. यावेळी नियम आधीच ठरवला. मासळीचं सगळं माडाच्या खड्ड्यात, बाकीचं नळीत. बाकीचं काही नसतं असं आम्ही दोघी समजत होतो. पण तिनं आठवडाभर वहीत लिहून ठेवलं, तेव्हा बरंच निघालं. कांद्या-लसणाच्या साली, कोथिंबिरीच्या काड्या, रस काढून उरलेला नारळाचा चोथा, चहाचा गाळ, केळ्याच्या साली, उन्हाळ्यात कलिंगडाच्या. सुक्यासाठी पाचोळा मिळेना, कारण पुळणीत झाडंच थोडी. तिथं माडाची सोडणं कामी आली. सुकी सोडणं ठेचून त्यांचा भुगा केला. पहिल्यांदा गांडुळंही नव्हती. वाळूत कुठून असणार? शाळेच्या उरलेल्या वाफ्यातून डबाभर माती गांडुळांसकट नेली.

वाळूला खत कशाला हवं, हे बघायला आम्ही एक गंमत केली. तुम्हीही करून बघा. दोन करवंट्या घ्या, त्यांच्या डोळ्याला भोक पाडा. एकीत नुसती वाळू भरा, दुसरीत अर्धी वाळू, अर्धं खत. दोन्हींत एक-एक कप पाणी ओता, खाली वाटी ठेवा. वाळूतलं पाणी सरळ खाली येतं, ओतायचा अवकाश. खतातलं पाणी थांबत थांबत, थेंबाथेंबानं येतं आणि वाटीत कमीच उतरतं. राहिलेलं पाणी खतानं धरून ठेवलेलं असतं. नानी म्हणाली, "म्हणजे आमच्या जमिनीला खिसाच नाही." हे मला डी.एड.च्या कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं.

मे महिन्यात मी माहेरी गेले. परत आले तेव्हा जून लागला होता. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. मिरकरवाडा तेव्हा अगदी वेगळा दिसतो. होड्या ओढून, ताडपत्री घालून ठेवलेल्या, खलाशी गावाला गेलेले, पडवीत बसून जाळी विणणारी माणसं. घारीसुद्धा कमी. घराघरांत सुकी मासळी, डाळी आणि भाज्या. त्या मुलीच्या घरचा नळीचा कचरा एकदम वाढला. मला वाटलं, आता काय, मजाच!

पण रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मी गेले, तर तिनं मला दारातच सांगितलं, "बाई, नळी बुडली." झाकण उघडलं. काळं पाणी आणि सडक्या अंड्यांचा वास. भोकांतून पाणी आत शिरलं, हवा बाहेर गेली. हवा नसली की वेगळेच जीवाणू कामाला लागतात आणि त्यांचं काम असं वास मारत चालतं. गांडुळं बाहेर येऊन भिंतीवर चढली होती. तिनं ती एकेक वेचून पुदिन्याच्या क्रेटमध्ये ठेवली होती. मला म्हणाली, "आता आमच्याकडं पण म्हणतील, काढून टाका."

कोणी म्हटलं नाही. तिचा मामा होडीवर तांडेल आहे, बंदीमुळे घरी होता. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "होडीत पाणी आलं तर होडी टाकून देतात काय?" त्यानं दोन्ही नळ्या उपटल्या. जुन्या क्रेटच्या फळ्या उभ्या करून पट्टीच्या अर्ध्या भागात फूटभर उंच वाफा बांधला, एका बाजूनं पाणी वाहून जायला चर काढला आणि नळ्या त्या उंचावर बसवल्या, तळ जुन्या जमिनीच्या वरच राहील अशा. झाकणावर रबरी ट्यूबचा तुकडा ताणून बांधला. काळं झालेलं खत सोडणाच्या भुग्यात कालवून चार दिवस पडवीत पसरलं, वास गेला, मग परत नळीत. गांडुळं आपापल्या घरी.

त्या उंच वाफ्यात नानीनं दुधीच्या चार बिया लावल्या. वेल चढवायला मांडव हवा. मांडवाला बांबू होते, पण वर पसरायला काय? मामानं फाटकं जाळं आणून ताणलं. बांगड्याचं जाळं ते, आता त्यावर दुधी.

१ ऑगस्टला होड्या पुन्हा निघाल्या. पुढच्या शनिवारी मी गेले. किल्ल्याच्या बाजूनं खाली उतरले. बर्फाचं मशीन सुरू झालं होतं, घारी परत आल्या होत्या, वासही. माझ्याबरोबर वर्गातली सहा मुलं होती. "हिचं सगळं घरच टाका" म्हणणारा तो मुलगाही होता. त्याला मी आणलं नव्हतं. तो आपणहून आला, का ते मी विचारलं नाही. बंदराजवळ त्यानं नाक धरलं. थोडं पुढं गेल्यावर त्यानं हात काढला, कारण नाक धरून कोळंबीच्या ढिगात नीट वाकता येत नाही.

नानीच्या पट्टीत जाळ्याखाली दोन दुधी लोंबत होते, एक हातभर, एक वीतभर. ती मुलगी कोणाशी न बोलता सरळ नळीकडे गेली. झाकण काढलं. सगळ्यांनी डोकी आत घातली.

"वास येतोय का?" तिनं विचारलं.

मुलगा थोडा वेळ हुंगत राहिला. "पहिल्या पावसासारखा येतोय," तो म्हणाला. मग म्हणाला, "गांडूळ कुठंय?"

तिनं बोटानं सोडणाचा भुगा बाजूला केला. नानी तिकडे माडाजवळ नवा खड्डा घेत होती, आज घरात दोन महिन्यांनी ताजा बांगडा आला होता. तिनं मागं वळून हाक मारली, "पोरांनो, ते झाकण लावा गो लवकर! आणि बाईंना सांगा, रस्सा होईपर्यंत जायचं नाय."